काळ्याला काळी

माझ्या बापाचा वायरिंगचा एक नियम होता. लाल मधी, काळी कडंला. लाकडी स्विचबोर्ड उघडला की आत लाल तार, म्हणजे फेज, या स्विचवरून त्या स्विचवर अशी मधून फिरलेली दिसली पाहिजे. काळी, म्हणजे न्यूट्रल, कुणाच्या अंगाला न लागता कडेकडेने सॉकेटला गेली पाहिजे. दोघी शेजारी आल्या की भांडतात, असं आबा म्हणायचा. भांडुपला टेकडीच्या अंगाला आमची खोली होती आणि त्या चढणीवरच्या निम्म्या घरांचं वायरिंग आबाच्या हातचं. जालन्याकडून आला तेव्हा त्याला विजेचं काही येत नव्हतं. एका ठेकेदाराच्या हाताखाली भिंतीत गुट्ट्या ठोकायला लागला. गुट्टी म्हणजे लाकडाचा लहान ठोकळा, त्यात तारा धरणाऱ्या पट्टीचा स्क्रू बसतो. ठोकता ठोकता वायरमन झाला. अक्षर त्याला शेवटपर्यंत आलं नाही. रंग मात्र पाठ. माझ्या लहानपणाचा आवाज कुठला विचाराल तर आबाच्या हातोडीखाली गुट्टी भिंतीत शिरते तो. घरात आई भाकरी थापायची, शेजारच्या भिंतीत आबा ठोकायचा, आणि दोघांचा ताल एक झाला की आई थोडी थांबून हसायची.

आमच्या खोलीत दाराजवळ एक मेलेला बोर्ड होता. म्हणजे स्विच, सॉकेट, होल्डर सगळं जागेवर, पण त्यात वीज नाही. आबाने तो माझ्यासाठी लावला होता. शाळेतून आलो की तो बोर्ड उघडायचा, तारा सोडायच्या, परत जोडायच्या. आंबाडीची भाजी आणि भाकरी तोवर ताटात गार होत असायची. जोडून झालं की आबा मेणाचा दोरा द्यायचा. चार चार बोटांवर तारांना गाठ मारायची, म्हणजे जुडगा ताठ राहतो. 'तार बांधली न्हाई तर काम झालं न्हाई,' असं त्याचं म्हणणं. कधी तो माझ्या डोळ्यांवर आईचा पदर बांधायला लावायचा आणि म्हणायचा, आता जोड. रंग दिसत नसला तरी कुठली तार कुठून येते ते बोटांना पाठ होतं, हात आपोआप जायचा, लाल मध्ये, काळी कडेला. दहावीला मी गणितात आणि इंग्रजीत गेलो. आबाने मार्कशीट हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाला, "बरं झालं. आता पूर्णवेळ ये."

विसावं लागलं असेल तेव्हा आबाने मला अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात टेबलांना प्लग पॉइंट लावायला पाठवलं. दुसऱ्या मजल्यावर नाडकर्णी साहेबांनी कॉम्प्युटर जोडून विकायचा धंदा काढला होता. खालच्या गाळ्यात पत्र्याचे डबे ठोकायचं मशीन दिवसभर चाले, वर टेबलं थरथरत. मी आठ पॉइंट लावले, तारा बांधल्या. साहेबांनी खाली वाकून त्या गाठी पाहिल्या आणि विचारलं, "इथे राहतोस का? पंधरा दिवस बघू." आबाला सांगितलं तर तो म्हणाला, "जा. भिंतीत ठोकून ठोकून माझा खांदा गेला, तुझा तरी राहू दे." आई मात्र चार दिवस शेजारणींना सांगत फिरली. माझा अशोक कॉम्प्युटरमध्ये आहे. कॉम्प्युटर म्हणजे काय ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

त्या गाळ्यात सुनंदा होती.

सुनंदा घाटकोपरची, आमच्यातलीच. बारावी करून वर इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केलेली. तपासणीचं टेबल तिच्याकडे होतं आणि त्या टेबलावर बसलेली ती पहिली मुलगी. आलेला प्रत्येक मदरबोर्ड ती एका उघड्या सप्लायवर चालवून बघायची आणि चालला की कोपऱ्यात नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायची. स्वतःच्या नखांना तिने जन्मात कधी नेलपॉलिश लावलं नाही. बाटली फक्त बोर्डांसाठी. साहेब गिऱ्हाइकाला झाकण उघडून तो ठिपका दाखवायचे आणि म्हणायचे, हा ठिपका आहे ना, मग निवांत झोपा. मी तिला पहिल्या दिवशी सुनंदाताई म्हटलं. मोठी माणसं शिकलेली असली की ताई-दादा म्हणायचं, एवढंच मला ठाऊक. ती म्हणाली, "मी तुझ्याहून चार महिन्यांनी मोठी आहे फक्त." मी म्हटलं, "मोठी ती मोठी." तिने मला त्या दिवसापासून वायरमन म्हणायला सुरुवात केली. "ए वायरमन, स्क्रू मोजून ठेव. एक जरी आत राहिला तर वाट लागेल."

आता इथे थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेव्हाच्या कॉम्प्युटरात वीज देणारा एक लोखंडी डबा असे, त्यालाच सप्लाय म्हणायचं. त्यातून तारांचे जुडगे निघत. त्यातले दोन जुडगे मदरबोर्डला जायचे, प्रत्येकात सहा तारा. बोर्डावर एकच लांब सॉकेट, त्यात हे दोन कनेक्टर शेजारी शेजारी बसायचे. कुठला डावीकडे आणि कुठला उजवीकडे, हे कनेक्टर स्वतः सांगायचे नाहीत. उलटे लावले तरी तितकेच गुळगुळीत बसायचे. कुणी केला असेल हा शहाणपणा माहीत नाही, पण माणूस असेल तर त्याला माझ्या बापापुढे उभा करायला हवा होता. बाकी सगळं मी जोडायचो, पण या दोन जुडग्यांना हात लावायचा नाही असं सुनंदाने बजावलं होतं. "ते मी लावते. बघून ठेव. पंधरा दिवसांनी तू लाव."

मी बघायचो. पण खरं सांगतो, मी जुडग्यांकडे कमी आणि तिच्या हातांकडे जास्त बघायचो. लग्नाचं वगैरे काही डोक्यात नव्हतं, ताई होती ती माझी. पण काम करताना इतके शांत हात मी फक्त आबाचे पाहिले होते. खालचं मशीन धडधडत असायचं, टेबल हलायचं, आणि तिची बोटं जागेवर. कनेक्टर टेकवायची, थोडा तिरका, मग अंगठ्याने दाबायची, आणि दाबून झालं की बोट तिथेच ठेवायची, पेशंटची नाडी बघावी तसं.

एका दवाखान्याची सहा मशीनं त्या दिवशी जायची होती. दुपारी सुनंदा खाली माल उतरवून घ्यायला गेली. सहावं मशीन राहिलं होतं. ठिपका दिलेला बोर्ड आत बसलेला, दोन जुडगे बाहेर लोंबत होते. मला वाटलं, दहा दिवस झाले, लावून दाखवू. ती वर येईल तेव्हा स्क्रीनवर अक्षरं येत असतील. कुठला जुडगा कुठे ते आठवेना, म्हणून मी हाताला विचारलं. हाताने सांगितलं ते लावलं. लाल तारा बरोबर मध्ये आल्या, काळ्या दोन्ही कडांना गेल्या. इतकं छान दिसत होतं की मी मेणाचा दोरा काढला आणि दोन्ही जुडगे चार चार बोटांवर बांधून कॅबिनेटच्या कडांना लावून टाकले. आबाने बघितलं असतं तर पाठीवर थाप मारली असती. मग स्विच टाकला.

मोठा आवाज नाही झाला. शेंगदाणा फुटावा तेवढाच. एका काळ्या चिपमधून धुराची रेघ निघाली आणि नख जळल्यासारखा वास आला. मी प्लग ओढला, खिडकी उघडली, हाताने वास बाहेर ढकलला. आणि मग जे केलं ते लिहायला अजून जड जातं. दोन्ही कनेक्टर काढून जागा बदलून लावले. उलटे होते, म्हणजे आता सुलटे असणार, एवढी अक्कल आली होती. सुनंदा वर आली तेव्हा मी म्हटलं, "हा बोर्ड मेलेला आहे. चालूच होत नाही."

साहेब आले. त्यांनी स्विच टाकून बघितला, बोर्डावर वाकले, ठिपक्यावर नख फिरवलं. "सुनंदा, हा तपासला होतास?"

"सकाळी चालत होता साहेब."

"मग आता?"

तिने कॅबिनेटमध्ये पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "सकाळी चालत होता. एवढंच मी सांगू शकते."

साहेब वाईट माणूस नव्हते, पण दवाखान्याला त्यांनी त्या ठिपक्यावर शब्द दिला होता. ते म्हणाले, ठिपका खोटा निघाला तर माझं दुकान खोटं. दुसऱ्या दिवसापासून तपासणी ते स्वतः करणार आणि सुनंदा पॅकिंगला बसणार. तिने टेबलावरची नेलपॉलिशची बाटली उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि खोक्यांना पट्ट्या चिकटवायला जाऊन बसली.

घरी गेलो तर आईने सुकटीची चटणी केली होती. माझी आवडती. आबा हातपाय धुऊन बसला आणि रोजच्यासारखं विचारलं, "आज काय बांधलंस?" मी म्हटलं, सहा मशीनं. तो म्हणाला, "नीट बांधली का?" मी हो म्हटलं. घास तोंडात फिरत राहिला. आई म्हणाली, मीठ जास्त झालं का. मी म्हटलं, नाही. दाराजवळचा तो मेलेला बोर्ड समोर होता. भाकरी अर्धी टाकून उठलो. त्या घरात भाकरी टाकायची पद्धत नव्हती.

दोन दिवस असे काढले. मी जोडत होतो, ती खोकी चिकटवत होती. सगळ्यात जास्त लागलं ते हे की जेवायच्या वेळी ती रोजच्यासारखी माझ्यासमोर डबा घेऊन बसायची. तिसऱ्या दिवशी तिच्या डब्यात अख्खा मसूर होता. तिने अर्धा माझ्या झाकणात ओतला.

मी म्हटलं, "सुनंदाताई, तो बोर्ड आहे ना..."

"ताई म्हणून सांगणार असशील तर नको सांगूस."

"तो मी जाळला."

"माहितीये."

"कसं?"

"दोरा कापायला विसरलास." ती पोळी मोडत म्हणाली. "कनेक्टर बदललेस, पण तारा तशाच बांधलेल्या. एकमेकींवरून फुली मारून गेल्या होत्या. एवढं नीट बांधणारा माणूस फुली मारून ठेवतो होय?"

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्यांनी तुला तिथल्या तिथे काढलं असतं. मग नवीन कुणी येणार, त्याला स्क्रूड्रायव्हर कसा धरायचा इथपासून शिकवा. तुझा हात चांगला आहे रे. तोंड कधी उघडतंय ते बघत होते." मग म्हणाली, "आता हेच आत जाऊन बोल. पहिलं जेव."

मी जेवलो. तिने मसूर ओतला नसता तरी मी चौथ्या दिवशी सांगितलं असतं, असं मानायला मला आवडतं. खात्री देत नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि तिला आत बोलावलं. "खोटं हा बोलला, भोगलंस तू. तूच सांग, ठेवू का काढू?"  काढलं असतं तर परत भिंती आणि गुट्ट्या, ते काही नाही. पण आबाला काय सांगायचं? आणि ती मला पुन्हा दिसणार नाही, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

ती माझ्याकडे वळली. मला विचारलं, "उलटं का लावलंस? इतक्या वेळा बघितलंस ना?" मी आबाचा नियम सांगितला. लाल मधी, काळी कडंला. वाटलं, आता दोघं हसणार. तिने बाहेरून एक सप्लाय आणला, दोन्ही कनेक्टर हातात धरले आणि मी लावले होते तसे शेजारी ठेवले. लाल मध्ये. काळ्या दोन्ही कडांना. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "साहेब, हा चुकला नाहीये. हा पाठ म्हणून दाखवतोय, फक्त दुसऱ्या पुस्तकातला. घराच्या बोर्डात काळीला लांब ठेवतात, इथे काळ्यांना मध्ये एकत्र बसवायचं. काळ्याला काळी. एवढंच याला कुणी सांगितलं नव्हतं. मी नुसतं बघून ठेव म्हटलं. सांगायला हवं होतं."

"म्हणजे ठेवू?"

"ठेवा. पण आजपासून एक करायचं. हा जोडेल तेव्हा मी वाचणार, मी जोडेन तेव्हा हा वाचणार. जोडणाऱ्याने वाचायचं नाही. जोडणाऱ्याला तेच दिसतं जे त्याच्या डोक्यात असतं."

साहेबांनी बाटली तिच्या हातात परत दिली.

तेव्हापासून त्या गाळ्यात स्विच टाकायच्या आधी रंग मोठ्याने वाचायची पद्धत पडली. खालच्या मशीनच्या धडधडीवर आवाज चढवून सुनंदा वाचायची, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक तारेला बोट लावून. नारिंगी, लाल, पिवळी, निळी, काळी, काळी. काळी, काळी, पांढरी, लाल, लाल, लाल. वाचून झालं की म्हणायची, टाक. मग मी स्विच टाकायचो. कधी ती मध्येच थांबायची. मी घाबरून बघायचो, तर म्हणायची, "काही नाही, श्वास घेतेय. वायरमन, तू पण घे." एकदा खरंच कनेक्टर उलटा गेला होता माझ्याकडून. तिने पहिल्याच रंगाला पकडलं. मी ओशाळलो, तर म्हणाली, "स्विचच्या आधी सापडली ती चूक नाही. ते काम."

महिन्याभराने आबा गाळ्यात आला. एक पॉइंट सैल झाल्याचं निमित्त होतं, खरं त्याला बघायचं होतं. मी घरी काहीच सांगितलं नव्हतं. सुनंदाने चहा दिला आणि सरळ सांगून टाकलं, "आबा, तुमच्या नियमाने आमचा एक बोर्ड जळला." माझा जीव गेला. आबाने कप खाली ठेवला. म्हणाला, "दाव." तिने दोन्ही जुडगे त्याच्या हातात दिले आणि सगळं समजावलं, कुठल्या तारेत किती दाब, काळ्या मध्ये का. एखाद्या इंजिनियरला सांगावं तसं सांगितलं, म्हाताऱ्याला सांगतात तसं नाही. मग म्हणाली, "मी जोडते. तुम्ही वाचा." ज्या माणसाला स्टेशनावरची पाटी वाचता येत नव्हती तो वाकून, एकेका तारेवर बोट ठेवून मोठ्याने वाचत होता. नारिंगी. लाल. पिवळी. शेवटच्या लालपर्यंत गेला, सरळ झाला आणि म्हणाला, "टाक." स्क्रीनवर अक्षरं आली. आबा त्या अक्षरांकडे बघत राहिला. कुठलीच अक्षरं वाचता न येणाऱ्याला ती इंग्रजी होती की मराठी, काय फरक पडतो.

जिना उतरताना तो एका पायरीवर थांबला. "पोरगी वायरमन आहे," म्हणाला. आबाच्या तोंडून याच्यापेक्षा मोठा शब्द मी ऐकला नव्हता, माझ्यासाठी तर कधीच नाही. आणखी दोन पायऱ्या उतरून विचारलं, "तू तिला काय म्हणतोस?"

"ताई."

"बंद कर ते."

मी बंद केलं. दीड वर्षाने विहारात आमचं लग्न झालं. पांढऱ्या साडीत ती उभी होती आणि गाळ्यातली पोरं मागून कुजबुजत होती, वायरमन, आधी वाचून घे, मग हो म्हण. पुढे मुलुंडला आमचं दुरुस्तीचं दुकान झालं. तीस वर्षं मी जोडलं, तिने वाचलं. ती जोडायची तेव्हा मी वाचायचो, पण तिच्या जोडणीत मला कधी काही सापडलं नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. तरी दर वेळी ती हात मागे घेऊन माझं वाचून होईपर्यंत थांबायची.

तिला जाऊन आठ महिने झाले. परवा आमची प्रज्ञा बोरिवलीहून आली, नवीन कॉम्प्युटरचे भाग घेऊन. म्हणाली, बाबा, आपण दोघं जोडू. सप्लाय बाहेर काढला तर सगळ्या तारा काळ्या. एकच मोठा कनेक्टर, त्याला खटका. मी विचारलं, "यात वाचायचं काय?" ती म्हणाली, "काही नाही. हा उलटा बसतच नाही. चुकायला जागाच नाही ठेवली." चांगलं केलं. ज्याने केलं त्याचं भलं होवो. खटका बसला, मशीन चालू झालं, प्रज्ञा खूश झाली. मी आत जाऊन जरा बसलो.

आजारपणात सुनंदाच्या गोळ्यांची डबी मी भरायचो. सकाळची ओळ, संध्याकाळची ओळ. संध्याकाळच्या ओळीला तिने नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, जुनी बाटली नव्हती ती, मुद्दाम आणवली होती. मी भरायचो आणि ती उशाशी डबी घेऊन वाचायची. बोट थरथरायचं, पण एक खण सोडला नाही. शेवटच्या आठवड्यात आवाज निघत नव्हता, तेव्हा नुसते ओठ हलायचे आणि मान हलायची. म्हणजे, टाक.

आता त्याच डबीत माझ्या गोळ्या असतात, सकाळी पांढरी, संध्याकाळी गुलाबी. पहिले दोन महिने मीच भरल्या, मीच वाचल्या. मग एक दिवस चक्कर येऊन पडलो. तेव्हापासून रविवारी प्रज्ञाला व्हिडिओ कॉल लावतो, डबी कॅमेऱ्यासमोर धरतो आणि ती वाचते. काल कंटाळली होती. "बाबा, तू दर वेळी बरोबरच भरतोस. मला कशाला वाचायला लावतोस?"

"जोडणाऱ्याने वाचायचं नाही," मी म्हटलं.

 हे वाक्य तिने घरात कुणाच्या तोंडून ऐकलंय ते मला माहीत आहे. मग वाचायला लागली. "पांढरी, पांढरी, पांढरी, पांढरी, गुलाबी. थांब बाबा. गुरुवार. ठिपक्याच्या खणात पांढरी आहे, आणि सकाळच्यात गुलाबी."

मी चष्मा लावून पाहिलं. होती. दोन्ही काढून जागा बदलल्या.

"आता परत वाच," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

तिने पहिल्यापासून वाचलं, सावकाश, एकेका खणाला बोट लावल्यासारखं. शनिवारपर्यंत आली, जरा थांबली आणि म्हणाली, "टाक."